मुद्रा गाणाऱ्याची

वाचक माउली, गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की हल्ली मंडपात एक नवा पाहुणा दिसतो. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल, वहीत प्रश्नांची यादी. विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारा मुलगा असतो, बरेचदा मुलगी असते. काकडा संपला की ती मृदंग वाजवणाऱ्या बुवांजवळ जाऊन बसते आणि विचारू लागते. हे वादन कोणाकडून शिकलात? बिदागी काय मिळते? कीर्तनकाराला काय मिळते? तुमच्या घरच्या बायका मंडपात टाळ धरतात की फक्त स्वयंपाकघरात राबतात? तुमची जात कोणती, आणि तिच्यामुळे कुठे अडलात का?

मग मंडपात कुजबुज सुरू होते. “भक्तीत हे हिशेब कशाला? वारीत सगळे माउली असताना ही मुले पुन्हा जात काढतात. देवाच्या दारी पैशाची भाषा करतात.” एखादा जाणता उठतो आणि पोरीला सौम्य शब्दांत सांगतो, बाई, प्रसाद घ्या आणि या आता.

या कुजबुजीविरुद्ध हा लेख आहे. हे प्रश्न परक्यांचे नाहीत, आपल्याच घरचे आहेत. विचारणाऱ्याला मंडपाबाहेर काढणे वारकऱ्याला शोभत नाही. पण त्याच वेळी, गाणे घेऊन जायचे आणि गाणाऱ्याचे नाव पुसायचे, हे संशोधकालाही शोभत नाही. दोघांना लागू पडणारा नियम एकच आहे आणि तो आपल्या संतांनीच घालून दिला आहे. त्याकडे येतो, आधी ही मुले कोण आहेत ते पाहू.

चंद्रपूर आणि गडचिरोली, त्यांच्या उत्तरेला भंडारा आणि गोंदिया, असा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. लोक त्याला झाडी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धान निघाले की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मोठे ठाणे. नाटक कंपन्या तिथूनच गावोगाव जातात. नाटकाच्याही आधीपासून इथे दंडार आहे, खडी गंमत आहे आणि त्यांत पुरुषच स्त्रीवेश घेऊन नाचत आले आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया-गोंडांच्या गावांत रेला आहे. हातात हात गुंफून, पाय एका लयीत टाकत गायचे गाणे. आणि गावोगाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन आहे.

२०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. पूर्वी ज्याला नागपूर गाठता येत नसे, त्या घरातले मूल आता पदव्युत्तर वर्गात बसू लागले. तेव्हा वही घेऊन आलेल्या पोरीला ‘बाहेरची’ म्हणताना जरा थांबा. तिचा आजा दंडारीत नाचलेला असू शकतो. तिच्या आईने धानाच्या बांधीत रोवणी करताना गाणी म्हटलेली असू शकतात. आपल्याच गावची विद्या ती शिकलेल्या भाषेत मांडू पाहते. तिच्या हाती फार पैसा आहे असेही समजू नका. बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी राज्यातल्या संशोधक मुलांना रस्त्यावर बसावे लागलेले आपण पाहिले आहे.

आता पहिला आक्षेप घेऊ : वारीत जात नाही, मग ती विचारता कशाला?

माउली, वारीत जात नसावी ही संतांची आज्ञा आहे. आज्ञा पाळली गेली का, हे तपासावेच लागते. चोखोबांची समाधी पंढरीत कुठे आहे? महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर. आपण तिथे माथा टेकतो, डोळे भरून येतात. पण ती बाहेर का, हा प्रश्न किती जणांना पडतो? चोखोबांना जिवंतपणी आत जाता आले नाही आणि त्यांच्या समाजाला त्यानंतर कित्येक शतके जाता आले नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे ‘भेद नाही’ असे आपण सातशे वर्षे गात होतो आणि दार तेव्हाही बंद होते. मात्र त्याच पंढरीत गुरुजींना उपोषणासाठी जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. एका वारकऱ्यानेच प्रश्न विचारणाऱ्याला आसरा दिला. आपल्यापुढे दोन्ही वाटा आहेत : दार लावून घेणाऱ्यांची आणि मठ उघडणाऱ्याची. सप्ताहात आलेल्या विद्यार्थ्याशी आपण कसे वागतो, त्यावरून आपण कोणत्या वाटेचे ते ठरते.

दुसरा आक्षेप : ही मुले दंडार, तमाशा, नाटक यांचा अभ्यास करतात. वारकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो माणसाचा आहे. झाडीतल्या खेड्यात वाजवणारे हात मोजकेच असतात. सप्ताहात ज्याची थाप हरिपाठाला उभी करते, तोच मंडईच्या रात्री दंडारीत ढोलकीवर बसलेला दिसतो. सकाळी आपण त्याला बुवा म्हणतो आणि रात्री ‘नाचगाण्यातला’ म्हणून नाक मुरडतो. हात तेच, विद्याही तीच. नाथांनी भारुडे रचली तेव्हा वासुदेव, जोशी, गोंधळी, रस्त्यावरचे सगळे सोंग त्यांनी परमार्थाच्या कामी लावले. सोंगाला कमी लेखणारी परंपरा नाथांची नव्हे.

आणि कान्होपात्रा? मंगळवेढ्याच्या गणिकेची ती लेक. आपल्या संतमंडळात ती आहे आणि तिची समाधी विठ्ठलाच्या देवळाच्या आवारातच आहे. मग नाचगाण्यावर जगणाऱ्या बायकांचे जिणे एखादी विद्यार्थिनी लिहू लागली, तर वारकऱ्याने तोंड फिरवायचे कोणत्या तोंडाने? पुण्यातल्या येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर संशोधन केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ज्या बाईच्या कलेवर गाव रात्रभर टाळ्या वाजवते, तिला तेच गाव सकाळी माणूस म्हणून का मोजत नाही, हा त्या शोधाच्या पोटातला प्रश्न आहे. कान्होपात्रेला माय म्हणणाऱ्याला तो परका वाटू नये.

इथपर्यंत आपल्या मंडपाशी भांडलो. आता वही घेऊन येणाऱ्यांशी दोन शब्द, कारण तिकडेही दोष आहे.

अभंगाचा शेवट कसा होतो ते प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. नामयाची, तुकयाची, जनाईची, चोखोबांची, सोयराबाईंची. ज्या काळी शूद्राला आणि स्त्रीला दस्तऐवजात नाव नव्हते, त्या काळी अभंगात नाव होते. दळणकांडण करणाऱ्या जनीचे नाव सातशे वर्षे टिकले ते राजाच्या ताम्रपटामुळे नव्हे, मुद्रेमुळे. अभंग तोंडातोंडी गेला, प्रांतोप्रांती गेला, तरी नाव त्याच्यासोबत चालले. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी पंजाबात आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा आपल्या नामदेवांची ६१ पदे त्यात घेतली आणि ती नामदेवांच्याच नावाने घेतली. कुठला शिंपी, कुठला मुलूख, कुठली भाषा. तरी नाव पुसले नाही.

लिहून घेणाऱ्यांचेही पाहा. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचा उल्लेख ग्रंथाच्या शेवटी आदराने आला आहे. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी उतरून घेतले, असे परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. यांपैकी कोणी मूळ मुद्रा काढून स्वतःची घातली का? अनंतभट्ट ब्राह्मण, चोखोबा महार. लेखणी ब्राह्मणाच्या हातात होती, तरी अभंग चोखोबांचाच राहिला. हाच तो नियम : लेखणी कोणाचीही असो, मुद्रा गाणाऱ्याची.

संशोधक म्हणजे आजचा लेखनिक. त्याने हाच धर्म पाळावा. पण प्रबंध उघडून पाहा. म्हातारी सकाळभर गात बसली. प्रबंधात ती ‘माहितीदाता क्रमांक ७’ होते. मार्गदर्शकांचे नाव, ग्रंथालयाचे नाव, टंकलेखन करणाऱ्याचे नावसुद्धा ऋणनिर्देशात असते. जिच्या गळ्यातून प्रबंध निघाला, ती परिशिष्टातला एक आकडा होऊन बसते. पदवी मिळते, पुढे नोकरी मिळते, परिसंवादात ते गाणे वाजते, आणि म्हातारीच्या गावात कुणाला याची खबर नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत ‘शोधगंगा’ या भांडारात जाते. नाव गंगेचे आहे, पण तिचे पाणी गायिकेच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही.

यावर संशोधक म्हणतील, नाव झाकणे हा आमच्या शास्त्राचा नियम आहे, तो माणसाच्या रक्षणासाठी आहे. खरे आहे. बिदागी बुडवणाऱ्या मालकाबद्दल बोललेल्या ढोलकीवाल्याचे नाव छापले, तर पुढच्या हंगामात त्याला कोण बोलावील? गडचिरोलीच्या आतल्या गावांत तर नाव बाहेर येण्याची भीती माणसांनी वर्षानुवर्षे उशाला घेऊन झोप काढली आहे. म्हणून तक्रार सांगणाऱ्याचे नाव झाका, अवश्य झाका. पण कला दाखवणाऱ्याचे नाव उघडे ठेवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे जमण्यासारखे आहे. गाणाऱ्यालाच विचारा : आई, तुझे नाव लिहू का? ती काय सांगेल ते प्रमाण.

हे होऊ शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व तिचे गाव नोंदवलेले. त्यांत विठ्ठल-रुक्मिणीच्या, पंढरीच्या वाटेच्या किती ओव्या आहेत! पुढे २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ज्या बायकांनी कधी पोथी उघडली नाही, त्यांची नावे ओवीशेजारी उभी राहिली. जनाईच्या जात्याची परंपरा खऱ्या अर्थाने पुढे नेणारे हे काम.

आपल्या जंगलानेही एक धडा दिला आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे गावाच्या रानातला बांबू गावाला विचारल्याशिवाय हलणार नाही, हे सरकारने मान्य केले. मग त्याच रानातल्या गाण्याचे काय? बांबू न्यायचा तर पास लागतो. रेला मोबाइलमध्ये भरून न्यायला मात्र एक स्मितहास्य पुरते. तुझे ध्वनिमुद्रण कुठे ठेवशील, कोणाला ऐकवशील, गावाला प्रत देशील का, हे ग्रामसभेने विचारले तर विद्यार्थ्याने नाराज होऊ नये. वही मांडीवर घेऊन बसावे आणि उत्तर द्यावे. ज्या विद्येला गावाच्या प्रश्नांची अडचण होते, ती विद्या गावाच्या समतेवर काय लिहिणार?

एवढे सांगून हा लेख संपवता आला असता. विद्यापीठाला चार शब्द ऐकवले की आपल्याला बरे वाटते. पण मुद्रेचा नियम विद्यापीठाला लावायचा आणि आपल्या मंडपाला लावायचा नाही, हे चालणार नाही.

तुकोबांचे चौदा टाळकरी होते आणि परंपरेने त्यांची नावे जपली. विचार करा, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या टाळकऱ्यांची नावे! आता गेल्या वर्षीच्या आपल्या सप्ताहाची पत्रिका काढा. वर फोटोसह कीर्तनकार. खाली फोटोसह नेते. मग महाप्रसादाचे यजमान, मंडपाचे दाते, ध्वनिक्षेपकाचे सौजन्य. गायनाचार्य आणि मृदंगाचार्य असतील तर एका ओळीत. आणि टाळकरी? ‘समस्त भजनी मंडळ’. काकड्याला पहाटे उठून आलेली माणसे ‘समस्त’मध्ये गेली. सात दिवस पंगत रांधणाऱ्या बाया तर तिथेही नाहीत. हजार रुपये देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत आणि आयुष्य देणाऱ्याचे नाव नाही, ही पत्रिका तुकोबांच्या दरबारात वाचून दाखवता येईल का?

बिदागीचेही तेच. पाकीट बंद असते म्हणून प्रश्न बंद होत नाही. एका कीर्तनाचे पाकीट आणि सात दिवस अहोरात्र साथ करणाऱ्याचे पाकीट शेजारी ठेवून पाहावे. सेवा निष्काम असावी हे खरेच. पण निष्काम राहण्याचा उपदेश नेमका ज्याच्या घरी चूल थंड आहे त्यालाच का होतो? आणि सात दिवसांच्या सात कीर्तनांत एक तरी कीर्तन बाईचे असते का? मुक्ताईने ज्ञानराजाला ताटी उघडायला लावली, जनाई आणि बहिणाबाई आपण नित्य आठवतो. त्यांच्या लेकींना मात्र वीणा हाती देताना आपला हात आखडतो.

गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आनंद झाला. दिल्लीने एक नाव ऐकले. पण त्या रंगभूमीवर पडदा ओढणारे, ऑर्गन वाजवणारे, रंग लावणारे किती जण आहेत? दिल्ली त्यांची नावे घेणार नाही. ती गावाने घ्यायची असतात, आणि ती लिहून ठेवायला कुणीतरी वही घेऊन यावे लागते. ती पोरगी त्याचसाठी आली होती.

आपल्याच भागातले उदाहरण देतो. यावलीचा माणिक नावाचा मुलगा चिमूरजवळच्या रामदिघीच्या रानात रमला. खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. १९४२ मध्ये चिमूर पेटले तेव्हा सरकारला त्या खंजिरीची भीती वाटली आणि महाराजांना तुरुंगात टाकले. भाकरीच्या तुकड्यांवर जगणाऱ्याचे नाव तुकड्या, आणि त्यांनी तीच मुद्रा केली. नागपूरच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. ज्या विद्यापीठाच्या कमानीवर भजन म्हणणाऱ्या फकिराचे नाव आहे, तिथल्या प्रबंधात भजन म्हणणाऱ्याला क्रमांक मिळावा, यापेक्षा मोठा विनोद कोणता?

तेव्हा करायचे काय? फार थोडे, आणि ते येत्या सप्ताहापासून. पत्रिकेत प्रत्येक टाळकऱ्याचे, मृदंगवादकाचे, रांधणाऱ्या बाईचे नाव छापा. जागा पुरत नसेल तर नेत्यांचे फोटो कमी करा. साथीदारांची बिदागी पाच जणांत बसून उघडपणे ठरवा. सातांपैकी एक कीर्तन बाईला द्या, पहिल्या वर्षी एक तरी द्या. आणि वही घेऊन कोणी आले तर त्याला पाटावर बसवा, चहा द्या, सगळे सांगा. निघताना मात्र त्याच्याकडून दोन वचने घ्या. गाणाऱ्याचे नाव तिच्या मर्जीप्रमाणे लिहीन. लिहिलेल्याची आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावाच्या मंदिरात आणून ठेवीन, आणि त्यात काय लिहिले ते पारावर बसून आमच्या बोलीत वाचून दाखवीन.

जो विद्यार्थी एवढे करील, त्याला संताजींच्या पंगतीला बसवायला हरकत नाही. जो करणार नाही, त्याला प्रसाद जरूर द्या; गाणे देऊ नका.

रामकृष्ण हरी.